घाट उतरताना पेट्रोल कुठे जातं?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरकडचे. लग्नकार्य, देवदर्शन, पाहुणेरावळे या ना त्या निमित्ताने आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाणं-येणं चालूच असतं. आमचे थोरले चुलते, आबा, तरुणपणापासून गाडी चालवतात. घाटमाथा ओलांडला की ते गाडी न्यूट्रलवर टाकतात आणि म्हणतात, "आता पायथ्यापर्यंत फुकट!" माझी मुलगी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करते आहे. तिचं म्हणणं, "आबा, गिअरमध्ये उतरलात तर पेट्रोल लागतच नाही. न्यूट्रलवर मात्र लागतं." आबांना हे काही पटत नाही. इंजिन घुमतंय, आवाज करतंय आणि तरी पेट्रोल घेत नाही, हे कसं शक्य आहे? आणि विषय निघालाच आहे तर हेही सांगा, पेट्रोलचा खर्च खरोखर कमी करायचा तर काय केलं पाहिजे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे. पण आबांचा समज हवेतून आलेला नाही. ज्या गाड्यांवर त्यांचा हात बसला, त्या गाड्या वेगळ्या होत्या.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. ती आणि तिच्या आसपासच्या सगळ्या पेट्रोल गाड्या कार्ब्युरेटरवर चालायच्या. कार्ब्युरेटरला डोकं नसतं. इंजिनाने हवा ओढली की त्या ओढीबरोबर पेट्रोल आत जातं, एवढंच त्याला ठाऊक. गाडी उतारावर आहे, इंजिनाला आत्ता ताकदीची गरज नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे गिअरमध्ये उतरलं तरी पेट्रोल थांबत नसे. मग निदान इंजिन मंद तरी फिरू द्यावं म्हणून चालक न्यूट्रल करायचे. त्या काळाच्या हिशेबाने त्यात थोडंफार तथ्य होतं.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कारमधून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. दुचाकींमध्ये हा बदल खऱ्या अर्थाने सर्वत्र झाला तो एप्रिल २०२० मध्ये, बीएस-६ लागू झाल्यावर. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. ॲक्सिलरेटरवर पाय आहे की नाही, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय, हे तो सतत पाहत असतो. पाय उचललेला आहे आणि तरीही इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांनी फिरतंय, याचा अर्थ त्याला नेमका कळतो: गाडी गिअरमध्ये आहे आणि चाकंच इंजिनाला फिरवताहेत. मग तो इंजेक्टर बंद करतो. अगदी पूर्ण बंद, थेंबसुद्धा नाही. आबांना ऐकू येतो तो आवाज आत ओढल्या आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेचा आणि फिरणाऱ्या भागांचा. आत जळत काहीच नसतं. फेरे हजार-बाराशेपर्यंत उतरले की इंजिन बंद पडू नये म्हणून संगणक पेट्रोल पुन्हा सुरू करतो. डिझेल गाड्यांतही हेच घडतं.

आता न्यूट्रल करून पाहा. चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला. इंजिनाला फिरवणारं कोणी उरलं नाही, म्हणजे त्याला स्वतःच्या जोरावर सात-आठशे फेरे घेत राहायला हवं आणि त्यासाठी पेट्रोल जाळायला हवं. लहान पेट्रोल कार नुसती उभी राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. घाट उतरायला वीस मिनिटं लागली तर न्यूट्रलवर दीड-दोनशे मिलीलीटर तरी जातं. गिअरमध्ये यातलं बहुतेक वाचतं.

आबांना हे तोंडी पटवण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे. अनेक नव्या गाड्यांच्या मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं. शेजारच्या सीटवर बसून मुलीने ते वाचत जावं. गिअरमध्ये पाय उचलला की आकडा जाईल तितका वर जाऊन बसतो. न्यूट्रलवर ताशी चाळीसच्या वेगाने उतरताना तो पन्नास-साठच्या घरात राहतो. ज्या मीटरचा आकडा मुळात तीस-पन्नासच्या पुढे जातच नाही, तिथे मात्र हा फरक दिसणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उतार अगदी सौम्य असेल, तर गिअरमध्ये पाय उचलल्यावर इंजिनाच्या ओढीमुळे गाडी मंदावते आणि पुन्हा रेस द्यावी लागते. अशा सपाटवजा उतारावर न्यूट्रलचा हिशेब काही वेळा सरस ठरू शकतो. पण तो फरक चमच्याने मोजण्याइतका असतो, आणि त्यासाठी गाडीवरचा ताबा सोडणं मला मान्य नाही.

कारण खरा मुद्दा पेट्रोलच्याही पुढचा आहे. माणसं-सामानासकट बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते, तिने साधं अठरा लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली कोणीतरी पचवायलाच हवी, एक तर इंजिनाने नाही तर ब्रेकने. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड आणि डिस्क तापतात, पकड कमी होते. त्याहून घातक म्हणजे ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं मात्र १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तर ही तारीख चुकवूच नये.

काहीजण याच्याही पुढे जाऊन उतारावर इंजिनच बंद करतात. ते कृपा करून थांबवा. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. ट्रकच्या एअर ब्रेकला लागणारी हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसरच भरत असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. वाचलेल्या डिझेलची किंमत आणि त्या अपघाताची किंमत शेजारी मांडून पाहावी.

जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पळू लागली तर दुसरा टाका. फेरे तीन-साडेतीन हजारांवर गेले तरी इंजिनाला त्याने काही होत नाही, फक्त लाल रेषेच्या आत राहा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी वर सोडून न देता मॅन्युअल मोड, एल किंवा २ वापरा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण घाट महिन्यातून एकदा येतो आणि बाजाराचा रस्ता रोज. माझ्या मते पेट्रोल सगळ्यात जास्त वाया जातं ते ब्रेकमध्ये. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब साधा आहे. पेट्रोल जाळून आपण गाडीला वेग देतो. ब्रेक दाबला की तो सगळा वेग उष्णता होऊन उडून जातो आणि सिग्नल सुटल्यावर तोच वेग पुन्हा विकत घ्यावा लागतो. बाराशे किलोच्या गाडीला शून्यावरून साठच्या वेगावर न्यायला इंजिनाची नेहमीची कार्यक्षमता धरून सुमारे वीस मिलीलीटर पेट्रोल लागतं. चाळीसपर्यंतच नेलं तर नऊ. वेग दीडपट झाला की खर्च सव्वादोनपट होतो. म्हणजे पुढे सिग्नल लाल दिसत असताना साठपर्यंत गाडी पळवून मग कचकन ब्रेक लावणाऱ्याने त्या तेवढ्या अंतरात दोनेक रुपये रस्त्यावर टाकले. गावातून दिवसभरात असं चाळीस वेळा झालं तर पाऊण लिटरची वाट लागते.

यावर उपाय सावकाश चालवण्याचा नाही, लांब पाहण्याचा आहे. समोरच्या गाडीच्या बंपरवर नजर खिळवून चालवणाऱ्याला ब्रेकशिवाय गत्यंतर नसतं. त्या गाडीच्याही पुढच्या तीन-चार गाड्या, पलीकडचा सिग्नल, थांब्यावर थांबलेली एसटी, गतिरोधकाचा पट्टा हे आधीच दिसत असेल, तर पाय शंभर मीटर अलीकडेच उचलता येतो. गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंजेक्टर बंद, वेग आपोआप उतरतोय, आणि नशिबाने तुम्ही पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा झाला तर उरलेला वेग तुमच्याच खात्यात जमा.

इथे एक सवय मोडावी लागते. गाडी शिकताना बंद पडू नये म्हणून नवशिक्याचा पाय आधी क्लचवर जातो आणि मग ब्रेकवर. तीच सवय पुढे जन्मभर राहते. क्लच दाबला म्हणजे गाडी न्यूट्रल केल्यासारखीच झाली, फुकटचा तुकडा तिथेच संपला. आधी ब्रेक, आणि गाडी अगदी थांबायला आली की क्लच. त्याचबरोबर क्लचवर पाय टेकवून ठेवणं आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणंही सोडा. त्यात पेट्रोल जातं आणि क्लच प्लेटही झिजते. चढावर हँडब्रेक आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं असं की, झटके देत, जोरात रेस आणि जोरात ब्रेक अशा पद्धतीने चालवल्यास महामार्गावर ॲव्हरेज १५ ते ३० टक्क्यांनी आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्क्यांनी घटतं. गाडीच्या नेहमीच्या देखभालीतली एकही युक्ती एवढा पैसा वाचवत नाही.

महामार्गावर प्रश्न ब्रेकचा कमी आणि हवेचा जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर गाडीला पुढची हवा दूर सारायला ५६ टक्के जास्त जोर लावावा लागतो. टायरचा विरोध इतका वाढत नाही, म्हणून पेट्रोलही तेवढंच वाढतं असं नाही, पण फरक टाकीत स्पष्ट दिसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा. तो सबंध शंभरने काटला तर ५७ मिनिटं, ऐंशीने ७१. चौदा मिनिटं. फूड मॉलवर चहा घ्यायला थांबलात की तेवढी सहज जातात. इंधनबचतीसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था तर ताशी ४५ ते ५५ चा वेग सुचवते. महामार्गावर एवढं हळू जाणं व्यवहार्य नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकांमुळे नेहमी सुरक्षितही नाही. पण डावीकडच्या मार्गिकेतून ऐंशीने, वरच्या गिअरमध्ये, एका लयीत जाणं सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

टपावरचं कॅरिअर काढून ठेवा. लग्नाच्या सामानासाठी बसवलेलं कॅरिअर वर्षभर रिकामं मिरवणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्याकडे दिसतात. टपावर मोठी पेटी बांधलेली असेल तर महामार्गावर ६ ते १७ टक्के इंधन तीच खाते. त्यामानाने डिकीतल्या वजनाचा बाऊ करू नका, पंचेचाळीस किलोमागे एखादा टक्का जातो.

एसी की काच खाली, हा वाद घरोघरी होतो. गावात मंद वेगाने जाताना काच खाली करणं स्वस्त, महामार्गावर काच वर करून एसी लावणं शहाणपणाचं. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या-बसल्या एसी पूर्ण जोरात लावू नका. आधी दारं-काचा उघडून भट्टीची हवा जाऊ द्या. सकाळी गाडी पाच-दहा मिनिटं उभ्या-उभ्या 'गरम' करणंही आता गरजेचं नाही. सुरू करा, पट्टा लावा, निघा, आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

सिग्नलवर इंजिन बंद करावं का? करावं. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन चालू ठेवण्यापेक्षा बंद करून पुन्हा सुरू करायला कमी इंधन लागतं. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' ही मोहीम निघाली ती मुख्यतः धुरासाठी, पण खिशालाही तिचा फायदा तोच. मी अर्ध्या मिनिटाची मर्यादा सुचवीन, म्हणजे स्टार्टर आणि बॅटरीचीही ओढाताण होत नाही. आकडे उलटे मोजणारा सिग्नल असेल तर निर्णय सोपा. रेल्वे फाटकावर, टोलच्या लांब रांगेत, शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना तर विचारच करायला नको.

देखभालीत पहिला मान टायरच्या हवेला. चारही टायरमध्ये हवा एक पीएसआयने कमी असली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटतं. दहा पीएसआय कमी म्हणजे दोन टक्के; महिन्याला पाच हजारांचं पेट्रोल भरणाऱ्याचे शंभर रुपये. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण कमी हवेचा टायर कडेने झिजतो, तापतो आणि उन्हाळ्यात वेगात असताना फुटू शकतो, म्हणून हवा जपायची. पंपावरचा मुलगा "किती मारू?" असं विचारतो, तेव्हा त्याचं उत्तर चालकाच्या दारालगतच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो वापरू नका. हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे घरापासून एक-दोन किलोमीटरच्या आत. पंपावर हवा मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज मला वाटत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

"एअर फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल," असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळात ते खरं होतं. इंजेक्शनच्या गाड्यांवर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज घटत नाही, पिकअप घटतो, असं दिसलं. आत हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही कमी करतो, म्हणून. फिल्टर बदला, आपल्याकडच्या धुळीत तो बदलायलाच हवा, पण इंजिन जपण्यासाठी. इंजिन ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला, त्याने टक्का-दीड टक्का हाती लागतो.

गुपचूप पेट्रोल पिणारे दोष वेगळेच असतात. एखाद्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि गाडी सतत घासत चालते. पाच-सहा किलोमीटर जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, रिमला टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा जास्त धग देत असेल तर दोष सापडला. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. आणि मीटरवरचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा महिनोन्‌महिने तसाच पेटता ठेवू नका. ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल तर संगणक आंधळेपणाने पेट्रोल ओततो आणि ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंतही कोसळू शकतं.

अलीकडे गाडी ॲव्हरेज कमी देते, अशी तक्रार पुष्कळांची आहे. त्यात सगळा दोष तुमच्या पायाचा नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते तुमच्या कोल्हापूरच्या उसापासूनही बनतं आणि कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या कारचं ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्क्यांनी, तर दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला होता. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना एवढं वजा करून मगच गाडीला किंवा स्वतःला दोष द्या.

पेट्रोल भल्या सकाळी भरलं तर जास्त मिळतं, हे मनातून काढून टाका. साठा जमिनीखालच्या टाक्यांत असतो आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. मापात मारतील या भीतीने शंभरऐवजी एकशे दहाचं भरण्यानेही काही साधत नाही. भरायला सुरुवात होण्याआधी मीटरवर शून्य पाहा, ते पुरे.

या सगळ्याचा परिणाम पाहायचा तर मोजमाप हवं. "पाचशेचं टाकलं आणि इतके दिवस चाललं," हे मोजमाप नव्हे. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून दाबून भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निम्मी-अधिक टाकी संपल्यावर शक्यतो त्याच पंपावर, तसंच आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. असा तीन टाक्यांचा आकडा वहीत लिहा आणि सरासरी काढा. पुढे कधी त्यात अचानक दहा टक्क्यांची घट दिसली तर आधी टायरची हवा पाहा, मग चाकांची धग, आणि तरी उलगडा झाला नाही तर वही घेऊनच मेकॅनिककडे जा.